क्लिफ हॉल्टनला जाणार नाही

ट्रॅकवरचा मुरूम हॉल्टनवाल्यांना विकला गेल्याची बातमी मला गॅव्हिनने दिली, तीही चिप्स खाता खाता.

शेवटची मॅच होऊन दोनेक आठवडे झाले होते. मी स्टेडियमवर गेले ती काही कामासाठी नव्हे. गुरुवार होता, आणि गुरुवारी संध्याकाळी चहा झाला की माझे पाय आपोआप त्या रस्त्याला लागतात. जन्माची सवय दोन आठवड्यांत कशी मोडणार? फाटक उघडंच होतं. आत गॅव्हिन एकटा उभा होता, गाडीच्या बॉनेटवर कागदात गुंडाळलेले चिप्स ठेवून. गॅव्हिन म्हणजे आमचा प्रमोटर, क्लब चालवणारा. त्याचं टायरचं दुकान आहे. दिवसा दुकानात कमवायचं आणि संध्याकाळी एल्डरबी हेरन्सवर, म्हणजे आमच्या क्लबवर, घालवायचं, असं त्याने काही वर्षं केलं. मग जागेच्या मालकाने तिथे चालणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यती बंद केल्या, जमीन घरं बांधणाऱ्याला दिली, आणि आमचा स्पीडवेही, म्हणजे मुरुमाच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकलींच्या शर्यतींचा खेळ, त्याबरोबर संपला.

"या, डोरीन. चिप्स घ्या."

"व्हिनेगर फार घालतोस."

"मी कुठे घालतो? दुकानवाली घालते. तिला मी आवडतो."

मी एक चिप उचलला. समोर ट्रॅक पडला होता, तांबडा, कोरडा. गुरुवारी या वेळेला त्यावर पाणी मारलेलं असायचं आणि ओल्या मुरुमाचा नि इंजिनात जळलेल्या एरंडेलाचा वास फाटकाबाहेरच नाकात शिरायचा.

"आपण परत येऊ," गॅव्हिन म्हणाला. "गावाबाहेर एक जागा बघितलीय. कौन्सिलशी बोलणं चालू आहे."

मी मान हलवली. आणखी काय करणार? 'परत येऊ' म्हणून बंद झालेले क्लब मी इतके पाहिलेत की त्यांच्या बिल्ल्यांनी माझं अख्खं जाकीट भरलंय. एका क्लबच्या जागी आता सुपरमार्केट आहे. तिथे एकदा क्लिफने मला ट्रॉल्यांच्या रांगेपाशी नेऊन उभं केलं होतं आणि म्हणाला होता, "टोपी काढ, हे तिसरं वळण." लोक आमच्याकडे बघत होते.

"निदान मुरूम तरी वाया जात नाही," गॅव्हिन म्हणाला. "हॉल्टनवाले नेतायत. त्यांचा ट्रॅक पार उखडलाय. सोमवारी डंपर येतील."

मी हातातला चिप कागदावर परत ठेवला.

"हॉल्टन?"

"हो. का?"

"गॅव्हिन, अरे, त्या मुरुमात क्लिफ आहे."

क्लिफ माझा नवरा. दुसऱ्या वळणावर दाताळं घेऊन उभा राहणारा माणूस. चार मोटारसायकली चार फेऱ्या मारून गेल्या की मुरूम बाहेरच्या कुंपणाकडे उडालेला असतो. तो आत ओढायचा, चरे बुजवायचे, आणि पुढच्या शर्यतीच्या आधी ट्रॅक सोडायचा, हे त्याचं काम. याचे पैसे मिळत नसत. एक पाय आणि एक चहा मिळायचा. पाय म्हणजे मटणाचा नव्हे, मांस भरलेला, पेस्ट्रीचा. लग्नाआधीपासून ते गुडघे जाईपर्यंत त्याने हे केलं. मला तो पहिल्यांदा दिसला तोही तिथेच. मी सतरा वर्षांची, मैत्रिणींबरोबर कुंपणाला टेकून उभी. गाड्या वळल्या, मुरुमाचा फवारा आला आणि माझा नवा पांढरा कोट तांबडा झाला. दाताळंवाला मुलगा जवळ येऊन म्हणाला, "दुसऱ्या वळणावर पांढरा कोट? तू कुत्र्यांच्या शर्यतीला आली होतीस का?" मी त्याच्याशी लग्न केलं.

तेव्हा गुरुवारी या रस्त्यावर बसला रांग लागायची. माझा भाऊ म्हणायचा, गावात चोरी करायची तर गुरुवारी करावी, कुणी घरी नसतं. खेळाडू गावातच राहायचे. कप्तानाच्या घरची कुंपणाची झाडं क्लिफने छाटून दिली आहेत. आमच्या मागच्या खोलीत ऑस्ट्रेलियाचा एक पोरगा दोन उन्हाळे राहिला. न्हाणीघरात त्याचे बूट आणि माझ्या स्वयंपाकघरात त्याच्या गाडीचा क्लच असायचा. आताचा आमचा कप्तान दुपारच्या विमानाने पोलंडहून यायचा आणि रात्रीच्या विमानाने परत जायचा. चांगला मुलगा, सही मागितली तर दोनदा द्यायचा. पण एल्डरबीत दुकानं कुठे आहेत हे त्याला माहीत नसावं. त्याच्या गाडीवरचं रंगीत कापड काढलं की खाली दुसऱ्या क्लबचं कापड असायचं. आज आमच्याकडून, उद्या त्यांच्याकडून, कारण देशात पुरेसे खेळाडूच उरले नाहीत.

क्लिफ गेला तेव्हा त्याची राख कुठे जाणार हे विचारायची गरज नव्हती. आमच्या स्पीडवेच्या लोकांत राख ट्रॅकवर टाकायची पद्धत आहे. जवळजवळ प्रत्येक ट्रॅकमध्ये कुणी ना कुणी असतं. मार्चमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, एका सकाळी मी दुसऱ्या वळणावर राख टाकली आणि लेसने वरून दाताळं फिरवलं. लेस म्हणजे आमचा ट्रॅकमन, ट्रॅक तयार करणारा, क्लिफचा सगळ्यांत जुना मित्र. पहिल्या मॅचला, पहिल्याच शर्यतीला, चारही गाड्या त्या वळणातून गेल्या आणि फवारा माझ्या अंगावर आला. केसात, थर्मासच्या झाकणात, सगळीकडे. शेजारची बाई म्हणाली, "झटकून टाका ना." मी नाही झटकलं. त्या दिवसापासून दर गुरुवारी मी तिथेच उभी राहायचे, "काय क्लिफ, बरं आहे ना?" म्हणायचे, आणि घरी जाताना थोडा क्लिफ माझ्याबरोबर यायचा. वेड लागलंय असं ट्रूडीला वाटायचं. ट्रूडी आमची मुलगी, एक्झिटरला असते.

आता हॉल्टनचं सांगते. हॉल्टन इथून तासाभराच्या रस्त्यावर आहे, आणि क्लिफच्या मते तिथे पाऊससुद्धा घाण पडतो. फार वर्षांपूर्वी त्यांच्या एका खेळाडूने आमच्या पोराला पहिल्या वळणात कुंपणात घातलं आणि पुढे जाऊन हात वर केला. पोराची मांडी मोडली. क्लिफने दाताळं ट्रॅकवर फेकलं, पंचांनी त्याला महिनाभर बाहेर काढलं, आणि त्या दिवसापासून क्लिफने हॉल्टनच्या हद्दीत पाणी पिणं सोडलं. मॅचला तिथे जायचा, पण बाटली घरून न्यायचा. त्यांच्या गावावरून समुद्राला जायचा रस्ता होता म्हणून आम्ही सुट्टीत लांबचा रस्ता धरायचो. ट्रूडीला गाडी लागायची, तरी.

आणि हा माणूस आता जन्मभराचा, म्हणजे मेल्यानंतरचा, हॉल्टनच्या चाकांखाली जाणार. त्यांच्याकडून खेळणार.

"मला एक बादली घेऊन जाऊ दे," मी गॅव्हिनला म्हटलं. "दुसऱ्या वळणाची."

"अहो, एक का, दहा न्या. रविवारी लेस असेल इथे, कुंपण काढायला. त्याला सांगतो." मग म्हणाला, "हॉल्टनवाल्यांना मीसुद्धा आनंदाने नाही दिला, डोरीन. दुसरं कुणी उरलंच नाहीये घ्यायला."

त्या रात्री ट्रूडीचा फोन आला. तिच्या घरी खालची खोली रिकामी झाली होती आणि मी ती घ्यावी असं ती दोन वर्षं म्हणत होती. मी म्हणायचे, गुरुवार आहेत. आता तिच्याकडे उत्तर तयार होतं.

"आई, आता गुरुवार नाहीत."

"माहीत आहे मला."

"मग तिथे तू कुणासाठी राहतेस? तुझ्या रस्त्यावर तुला नावाने हाक मारणारं कोण उरलंय?"

"पोस्टमन."

"आई."

"मला आधी बाबांना घेऊ दे," मी म्हटलं. "रविवारी बादली भरते, मग तुला सांगते. त्यांना सोडून मी येणार नाही, आणि हॉल्टनला तर त्यांना मुळीच पाठवणार नाही."

ती म्हणाली, "बादलीला झाकण आहे का? रेल्वेत लोक विचारतील." ती क्लिफचीच मुलगी.

रविवारी सकाळी मी बादली आणि बागेतली खुरपी घेऊन गेले. रिकामं स्टेडियम मी पूर्वीही पाहिलं होतं, पण ते आठवड्याच्या मधलं रिकामेपण असे. आता स्टॅंडमधल्या खुर्च्या काढून नेल्या होत्या आणि सिमेंटच्या पायऱ्यांवर नुसत्या स्क्रूच्या खुणा राहिल्या होत्या. शर्यत सुटताना ज्या फिती वर उडायच्या, त्या ताणायचे खांबही गेले होते. आमची शेवटची मॅच नीट शेवटची झालीच नाही. सातव्या शर्यतीनंतर पाऊस आला. आम्ही सगळे छत्र्या घेऊन तासभर थांबलो, कुणीच निघेना. पंचांनी रद्द केली तरी निघेना. मग कुणीतरी दिवे घालवायला सुरुवात केली. आजूबाजूला बघितलं तर सगळी पांढरी डोकी. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि सगळ्यांच्या हातात पेन्सिल आणि निकाल लिहून अर्धी भरलेली कार्यक्रमपत्रिका.

लेस तिसऱ्या वळणावर कुंपणाच्या फळ्या सोडवत होता. मला पाहून त्याने पान्हा खिशात घातला आणि माझ्याकडे यायच्या ऐवजी तिथेच उभा राहिला.

"ये की," मी ओरडले. "मला वाकता येत नाही. तू खण, मी बादली धरते."

तो आला. दुसऱ्या वळणापाशी आल्यावर त्याने टोपी काढली, नेहमी काढायचा तशी. क्लिफला ठेवल्यापासून दर मॅचच्या आधी तो हे करायचा. ट्रॅक्टर घेऊन या वळणावर आला की टोपी वर. मला ते बरं वाटायचं.

"इथली घे," मी म्हटलं. "कुंपणाच्या जवळची. तो इथे उभा राहायचा."

"डोरीन, सगळा मुरूम एकमेकांत मिसळलेला असतो. बाहेर उडतो, आत ओढतो. इथलं तिथे."

"मला माहीत आहे. मी काही पाहुणी नाही. थोडा तरी असेलच ना."

"आधी चहा पिऊ या का?"

"चहा मी पिऊन आलेय."

"माझा नाही झाला."

"लेस, तुझी पाठ दुखतेय का? दुखत असेल तर तसं सांग, मी खणते."

त्याने खुरपी माझ्या हातातून घेतली, पण खाली बसला नाही. खुरपीच्या टोकाकडे बघत राहिला. लेस ऐंशीचा आहे. त्याचं नाक सर्दी नसली तरी गळतं, आणि तो ते पुसत नाही. तेव्हा मात्र त्याने बाहीने पुसलं.

"क्लिफ इथे नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुझं कमरेचं ऑपरेशन झालं, तू हिवाळाभर ट्रूडीकडे होतीस, आठवतंय? कुंपणापलीकडच्या नव्या घरांतले लोक धुळीची तक्रार घेऊन आले. मुरूम जुना झाला होता, नुसती भुकटी. कौन्सिलने सांगितलं, बदला नाहीतर बंद करा. आम्ही वरचा सगळा थर काढला आणि नवा आणून टाकला. सगळा, डोरीन. चारही वळणं."

मी बादली खाली ठेवली.

"पाच हिवाळे झाले त्याला," मी म्हटलं.

"झाले असतील."

"आणि तू बोलला नाहीस."

"बोलणार होतो. पहिल्याच मॅचला बोलणार होतो. तू काठी घेऊन आलीस, इथे उभी राहिलीस, पहिली शर्यत गेली आणि तुझ्या अंगावर फवारा आला. तू म्हणालीस, 'थंडीत बरा होतास ना रे?' आता तिथे येऊन मी काय सांगायचं? की बाई, हा क्लिफ नाही, हा खाणीतून मागच्या मंगळवारी आलाय?"

"पण मग तू टोपी कशाला काढायचास? माहीत होतं ना तुला."

"तू बघायचीस म्हणून."

मला राग आला होता, खूप आला होता, पण तो कुठे ठेवायचा ते कळेना. पाच हंगाम मी परक्या मुरुमाशी बोलले होते. घरी येऊन कोट दाराजवळच्या खुंटीला लावायचे आणि खाली पडलेले कण केरसुणीने न काढता तसेच राहू द्यायचे. ट्रूडीच्या लग्नाच्या वाढदिवसाला गेले नाही, कारण गुरुवार होता आणि क्लिफ एकटा राहिला असता. मला हेही सांगायला हवं की त्या पाच वर्षांत मला एकदाही संशय आला नाही. नवरा कुठे आहे आणि कुठे नाही हे बाईला आतून कळतं म्हणतात. मला काही कळलं नाही.

"तो जुना थर कुठे टाकलास?" मी विचारलं.

"पिंडरच्या शेतावर. तिथे पोरांचा सरावाचा ट्रॅक होता ना, त्याला नेला. मला वाटलं, क्लिफला ते आवडलं असतं. पोरं शिकतील त्याच्यावर."

"चल मग तिकडे."

लेस माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोरीन, तो ट्रॅकही आता नाही. पोरं येईनाशी झाली. एका हिवाळ्यात तीन उरली, त्यातलं एक पिंडरचंच. गाडीचा खर्च कुणाला झेपत नाही. शेवटी त्याने नांगर घातला. आता तिथे बीट असतं."

"बीट."

"साखरेचं."

क्लिफ चहात तीन चमचे साखर घालायचा. मला एकदम ते आठवलं आणि मी हसले. लेस इतका दचकला की त्याने माझा दंड धरला.

"चल," मी म्हटलं. "व्हॅन काढ."

पिंडरचं शेत गावापासून फार लांब नाही. आमच्याकडे जमीन सपाट आहे. कालवे, बांध, मधे एखादं झाड. लेसच्या व्हॅनमध्ये ग्रीसचा वास येतो, आणि पुढच्या सीटवर बसायचं तर पायाखाली नेहमी एखादं दाताळं असतं. त्याने गाडी बांधावर थांबवली. बांध उंच असल्याने तिथून सगळं शेत दिसायचं.

आधी मला नुसतं बीट दिसलं. हिरवंगार, गुडघ्याएवढं, पार कालव्यापर्यंत. मग लेसने बोट केलं. मधोमध एक पट्टा होता, जिथे पानं खुरटी आणि पिवळट होती. पट्टा सरळ जात होता, वळत होता, परत सरळ येऊन वळत होता. अख्खा ट्रॅक. नांगराने मुरूम खाली गेला होता, पण बीटाला तो मानवला नव्हता, आणि पिकाने लंबगोल आखून दाखवला होता.

"तुझ्या आईची..." मी म्हटलं. एरवी मी असं बोलत नाही.

"दरवर्षी असंच येतं," लेस म्हणाला. "पिंडर वैतागलाय."

आम्ही बांध उतरलो. लेसने मला हात दिला. चिखल बुटांना चिकटत होता आणि पानं ओली होती. पट्ट्यापाशी पोचल्यावर खाली पाहिलं तर काळ्या मातीत तांबडे ठिपके दिसत होते.

"दुसरं वळण कुठलं?" मी विचारलं.

"अगं, मुरूम सगळीकडे पसरला होता. वळण शोधून काय करणार?"

"तो दुसऱ्याच वळणावर असणार. त्याला दुसरीकडे उभं राहता यायचं नाही. फिती कुठे होत्या?"

"तिकडे. कालव्याच्या बाजूला."

"कालव्याच्या बाजूला कशा असतील? पोरं सुटल्या सुटल्या पाण्यात गेली असती. फिती रस्त्याकडे होत्या, आईबाप गाड्या लावून बघायचे."

"ट्रॅक मी बांधला की तू?"

"तू बांधलास म्हणूनच विचारतेय. तुला काल काय जेवलास ते आठवत नाही."

"काल मी जेवलोच नाही," लेस म्हणाला. मग वळून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "थांब. रस्त्याकडे. बरोबर. मग डावीकडे पहिलं, आणि दुसरं ते. त्या विजेच्या खांबासमोरचं."

आम्ही खांबाच्या दिशेने चालायला लागलो. तेवढ्यात बांधावर ट्रॅक्टर थांबला आणि पिंडर खाली उतरला. जाडा, लाल चेहऱ्याचा माणूस आहे.

"लेस का? काय हरवलंय का तुमचं?"

"हिचा नवरा," लेस म्हणाला.

पिंडरने माझ्याकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं. "कधीपासून?"

"पाच वर्षं झाली," मी म्हटलं. "मला आज कळलं."

लेसने त्याला सगळं सांगितलं. पिंडरने ऐकून घेतलं आणि टोपी काढावी की नको अशा बेताने हात वर नेऊन परत खाली आणला. "मला माहीत नव्हतं, बाई," तो म्हणाला. "माहीत असतं तर त्या कोपऱ्यात गवत तरी ठेवलं असतं. इथलं बीट दर हिवाळ्यात कारखान्यात जातं. बारीक निघतं, पण जातं."

"त्याची काही हरकत नसणार," मी म्हटलं.

"तुम्हाला हवी तेवढी माती न्या."

बादली लेसच्या हातात होती. त्याने खुरपी काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी विजेच्या खांबासमोर उभी होते. हे वळण म्हणायचं तर म्हणायचं. कुंपण नाही, दिवे नाहीत, मागे कुणी चिप्स खात नाही, कुणाचा लहान मुलगा खांद्यावर बसून ओरडत नाही. वारा होता. मी वाट बघितली. काहीतरी वाटेल अशी मी वाट बघत होते, पण वाटत होतं ते एवढंच की पाय गार पडलेत. ही माती मी बादलीत भरली असती, झाकण लावलं असतं, एक्झिटरला नेली असती, आणि तिथे ट्रूडीच्या खिडकीत ठेवली असती. तिच्यात काय असतं? पिंडरची काळी माती, मागच्या वर्षीच्या बीटाचं मूळ, आणि कदाचित, फार तर कदाचित, क्लिफचा एखादा कण. मला परत एकदा कशाशी तरी बोलावं लागलं असतं, खात्री नसताना.

"राहू दे," मी म्हटलं.

"एवढं आलोय तर..."

"राहू दे, लेस. तो हॉल्टनला जात नाही एवढंच मला बघायचं होतं."

परत येताना लेस बराच मोकळा झाला होता. ओझं उतरलेला माणूस जसा बडबड करतो तशी बडबड करत होता. सोमवारच्या डंपरबरोबर तोही हॉल्टनला जाणार होता. त्यांचा ट्रॅकमन आजारी होता आणि मुरूम बसवायला त्यांना जाणता माणूस हवा होता. पुढच्या हंगामाला चालणारे क्लब त्याने मला मोजून दाखवले. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची सगळी लागली नाहीत.

"मार्चमध्ये पहिली मॅच आहे," तो म्हणाला. "मी तुला घ्यायला येईन. तासाभराचा तर रस्ता."

"हॉल्टनला? मी?"

"टाळ्या नको वाजवूस. नुसती उभी राहा. आपला नवा मुरूम आहे, तुझ्या ओळखीचा. पाच वर्षं बोलत होतीस त्याच्याशी."

हे त्याने गमतीने म्हटलं होतं, आणि मीही तसंच घ्यायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याच्याही लक्षात आलं. माझ्या दारापाशी त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही.

"मी सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का? दर गुरुवारी?"

मी विचार केला. खरंच केला. लेसला उत्तर द्यायला हवं असं मला वाटलं, कारण त्याने पाच वर्षं माझ्यासाठी एका रिकाम्या वळणावर टोपी काढली होती.

"माहीत नाही," मी म्हटलं. "जा, तुझा चहा राहिलाय."

तो गेल्यावर मी आत आले, बूट दाराशी काढले आणि कोटही न काढता ट्रूडीला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला. वाट बघत असावी.

"मिळाले का बाबा?"

"ते येत नाहीत."

"म्हणजे काय, आई?"

"सावकाश सांगेन. लांबलचक आहे, आणि त्यात बीट आहे." मग मी म्हटलं, "खोली अजून रिकामी आहे ना? मी एकटीच येतेय."

मला वाटलं, ती आनंदाने काहीतरी बोलेल. पण ती हळूच म्हणाली, "बरं. कधी येऊ घ्यायला?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. नोव्हेंबर, डिसेंबर, सगळी घरं कोरी होती.

"कधीही ये," मी म्हटलं. "गुरुवारी आलीस तरी चालेल."